भिंतीला टेकलेली माणसं

१

मी काय काम करते ते सांगितलं की लोकांना आधी हसू येतं. मी सरकारी खात्यात कमानी बघते. जुन्या दगडी कमानी. पुलांच्या, गोदामांच्या, बाजारांच्या. पिशवीत लहान हातोडी, टॉर्च, काचेच्या पट्ट्या आणि प्लास्टरची पुडी. हातोडी मारायची आणि कान द्यायचा. घट्ट दगड टणकन बोलतो, सुटलेला भद्द करतो. तडा दिसला की त्याच्यावर आडवी काचपट्टी चिकटवायची आणि घरी जायचं. पुढच्या खेपेला काच अख्खी असेल तर तडा जुना, त्याला झोपू द्या. फुटली असेल तर तडा चालतोय. एवढ्यासाठी मी इंजिनिअरिंग शिकले याचं आईला शेवटपर्यंत नवल वाटत राहिलं.

कमान म्हणजे तरी काय, तर खाली पडायला निघालेल्या दगडांनी एकमेकांची अडवलेली वाट. प्रत्येक दगड शेजारच्याला रेटतो, तो त्याच्या शेजारच्याला. रांगेत कमानी असल्या की एकीचा रेटा दुसरी घेते. शेवटच्या कमानीला मात्र शेजारीण नसते. आमच्या गावाच्या कडेला अशी रांग आहे, वरून पूर्वी रेल्वे जायची. कमानींची रांग टेकडीपाशी संपते. शेवटची कमान टेकडीला रेटते, टेकडी कमानीला रेटते, आणि दोघींच्या भांडणात मधली भिंत सरळ उभी राहते.

या कमानींखाली गाळे आहेत. समोर शटर, मागे भिंत, डोक्यावर दगडी घुमट. शेवटचा गाळा माझ्या धाकट्या भावाचा. पुढच्या भागात शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान, पडद्यामागे त्याची बायको, मुलगी आणि सगळा संसार. शेजारच्या गाळ्यात एक सुतार आणि त्याची अंथरुणाला खिळलेली म्हातारी आई. म्हातारीचा खोकला दगडातून ऐकू यायचा. धाकट्याला मी कितीदा म्हटलं होतं की बाबा, दगडापेक्षा वीट मऊ, कुठेतरी साधी खोली बघ. पण ताईचं ऐकायचं ते लहानपणी ऐकून झालं होतं.

२

त्या दिवशी मी वर्षाची तपासणी करायला गेले तेव्हा शाळा सुटली होती. धाकट्याच्या मुलीला आम्ही सगळे भिंगरी म्हणतो. नाव उगाच नाही पडलं. जेवताना ताटाभोवती फिरणारं, झोपेत उशीकडून पायाकडे जाणारं कार्टं ते. मी गाळ्यात शिरले की पाठीवर उडी ठरलेली. म्हणून मी आधीच कंबर सांभाळून आत गेले.

उडी आली नाही. भिंगरी टेकडीकडच्या भिंतीला उजवा खांदा लावून उभी होती आणि उभ्यानेच वही धरून गणितं सोडवत होती. मला बघून हसली. पण जागची हलली नाही.

मी म्हटलं, शिक्षा झालीय का गं? तर नाही म्हणाली, असंच बरं वाटतं. भावजयीने चहा टाकला. चहा होईपर्यंत ती ओट्यापाशी उभी होती, कप माझ्या हातात दिला आणि लगेच त्याच भिंतीशी जाऊन पाठ टेकून बसली. धाकट्याचा कामाचा बाक पूर्वी शटरजवळ उजेडात असायचा. तो आता त्या भिंतीला भिडवला होता. तो एका हाताने मशीनची सुई काढत होता आणि दुसरं कोपर त्याने दगडावर रोवलं होतं. समोरची भिंत, सुताराकडची, सबंध मोकळी. तिच्यापाशी दोन चांगल्या खुर्च्या रिकाम्या.

मी चेष्टा केली. तिघांना एकच भिंत पुरते, मग दुसरी भाड्याने देऊन टाका. सगळे हसले. भिंगरीच्या गणवेशाच्या उजव्या खांद्यावर कापड विरलं होतं आणि चुन्याचा पांढरा डाग बसला होता. भावजय म्हणाली की तो काही केल्या निघत नाही. तिच्या ब्लाउजच्या पाठीवरही तसाच होता.

३

भिंतीत एक जुना तडा होता. त्यावरची माझी मागच्या वर्षीची काचपट्टी अख्खी होती. पुस्तकाप्रमाणे इथे माझं काम संपलं. पण मला त्या पोरीचं उभं राहणं खुपत होतं, म्हणून मी ओळंबा सोडला. दोरीला बांधलेलं वजन, दुसरं काही नाही. वरच्या टोकाला दोरी भिंतीपासून चांगली लांब होती आणि मध्यावर येता येता ती दगडाला घासायला लागली. भिंत आत आली होती. पोट सुटल्यासारखी, गाळ्याच्या दिशेने.

याला कारण होतं, आणि ते मला लगेच सुचलं याचा मला आनंदही झाला. रेल्वे बंद झाल्यावर आमच्या खात्याने कमानींवरची खडी आणि माती उचलून नेली होती. जुन्या कमानीला तेवढाच आराम, असं कुणा शहाण्याला वाटलं असणार. कमानीला आराम मानवत नाही हो. डोक्यावर वजन असेल तरच ती बाजूला रेटते. वजन काढलं आणि तिचा जोर गेला. टेकडीचा तसाच राहिला. आता टेकडी भिंतीला आत ढकलत होती आणि तिला उत्तर द्यायला अलीकडून कुणी नव्हतं.

पण मग काच का फुटली नव्हती? भिंत एवढी सरकते आणि तिच्यावरची नाजूक काच जशीच्या तशी राहते? मी स्वतःला समजावलं की भिंत काच लावायच्या आधीच सरकली असेल. हे पटण्यासारखं होतं. मला ते पटलं नाही.

धाकट्याला मी बाहेर नेऊन सांगितलं की इथे राहू नका. पोरीला तरी इथे ठेवू नका. तो म्हणाला, "ताई, अगं जाववत नाही." कुठे जायचं असं म्हणाला नाही, भाड्याचं म्हणाला नाही. जाववत नाही म्हणाला. मी मोठी बहीण आहे, मला आवाज चढवता येतो. गाळ्याला रंग द्यायच्या निमित्ताने चार दिवस माझ्याकडे या, असं मी ठणकावलं आणि दुसऱ्याच दिवशी सामानासकट तिघांना माझ्या दोन खोल्यांत आणून टाकलं.

४

आपल्या माणसांनी घर भरलं की मला बरं वाटतं. मी भिंगरीसाठी पत्ते काढून ठेवले, खाली मैदान आहे म्हणून सांगितलं. ती खाली गेली नाही. माझ्या स्वयंपाकघरात गेली, चारही भिंतींवर तळवा ठेवून बघितला आणि तोंड पाडून परत आली. धाकट्याचं तर विचारू नका. दूध गॅसवर ठेवून आल्यासारखा तो दर थोड्या वेळाने उठायचा, दारापर्यंत जायचा आणि परत बसायचा. त्याचा उजवा हात मांडीवर ठेवलेला असतानासुद्धा ताणलेला असायचा. भावजयीला मी विचारलं की तुम्हाला होतंय तरी काय. ती म्हणाली, काही नाही ताई, पाठीला रिकामं रिकामं वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिंगरीची वेणी घालत होते. केस ओढले तर एरवी घर डोक्यावर घेणारी पोर गप्प बसून होती. मी तिला म्हटलं, तू आता इथेच राहा, शाळा इथून जवळ पडेल, आपण दोघी मजा करू. तिने ते ऐकून घेतलं. मग आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली, "आत्या, आता तिकडे कोण धरतंय?"

मी म्हटलं, काय धरतंय? ती म्हणाली, भिंत. एवढं साधं मला कसं कळत नाही अशा चेहऱ्याने. वेणी अर्धी राहिली आणि मी धाकट्याकडून गाळ्याची किल्ली मागून घेतली.

५

भर दुपारची वेळ. बाहेर सुताराचा रंधा चालू होता, रस्त्यावर वर्दळ होती. मी शटर वर केलं, आत गेले आणि दिवा लावला. सामान निम्मं होतं. बाक तसाच भिंतीला भिडलेला.

काचपट्टी फुटली होती. नुसता चरा नाही, दोन तुकडे, आणि दोघांच्या मध्ये माझं बोट मावेल एवढी फट. वर्षभर टिकलेली काच एका दिवसात गेली होती. मी तिथे उभी राहून वेड्यासारखी त्या काचेकडे बघत होते, आणि मग मला कळलं की आम्ही सगळ्यांनी काय चूक केली होती. तपासणीला जायचं तर गाळा उघडा हवा. गाळा उघडा म्हणजे माणसं आत. माझ्या आधीच्या साहेबांनी आणि त्यांच्या आधीच्यांनी ही भिंत जेव्हा जेव्हा मोजली तेव्हा तेव्हा कुणी ना कुणी तिला टेकून होतं. ही भिंत रिकामी अशी कुणी कधी मोजलीच नव्हती.

तेवढ्यात ती बोलायला लागली. दगडावर दगड घासला की जात्यासारखा आवाज येतो, तसा, पण फार खोल. वरून चुन्याची भुकटी माझ्या हातावर पडली. सुताराच्या गाळ्यात म्हातारी खोकली. मी काय केलं ते मी विचार करून केलं नाही. मी पुढे होऊन भिंतीला खांदा लावला.

आवाज थांबला.

आता मी शिकलेली बाई आहे. एका माणसाचा जोर किती आणि टेकडीचा किती, हे मला तोंडी सांगता येतं. हत्तीपुढे मुंगीसुद्धा म्हणता येणार नाही. मी खांदा काढला. घरघर सुरू झाली. खांदा लावला, थांबली. पुन्हा काढला, तर भिंगरीच्या पाटीएवढा चुन्याचा पापुद्रा माझ्या पायाशी आपटला. योगायोग म्हणावं तर किती वेळा म्हणायचं? मी खांदा लावून उभी राहिले. दगड गार असायला हवा होता. तो कोमट होता. आणि खरं सांगते, बरं वाटत होतं. दिवसभराची चप्पल काढल्यावर वाटतं तसं.

६

भिंतीच्या मधोमध, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर, पाणी निघायला ठेवलेलं एक भोक आहे. टेकडीतलं पाणी साठू नये म्हणून अशी भोकं ठेवतात. ती नेहमी मातीने बुजलेली असतात. खांदा न हलवता मी पिशवीतून टॉर्च काढला. मला आत माती बघायची होती. काळी, ओली, चांगली घट्ट माती. ती दिसली की मी स्वतःला चार शिव्या घालून घरी जाणार होते.

उजेड आत गेला आणि गेलाच. माती नव्हती. दगडाची जाडी संपली आणि पुढे भोकाचं तोंड बुजलेलं दिसलं ते कापडाने. विरलेलं, चुन्याने पांढरं झालेलं, ताणून बसलेलं कापड. शिवण दिसत होती. खांद्यावर असते ती शिवण. मी श्वास रोखला. ते कापड किंचित वर झालं, खाली आलं, पुन्हा वर झालं.

भोकातून ऊबदार हवा येत होती, आणि तिला पुष्कळ माणसं एका खोलीत बसली की येतो तो वास होता. मी टॉर्च बंद केला. ते लोक ढकलतायत की माझ्यासारखेच धरून आहेत, हे मला तेव्हा कळलं नाही. अजून कळलेलं नाही.

किती वेळ गेला माहीत नाही. धाकटा दारात उभा होता. घरी मी वेळेवर परतले नाही म्हणून आला असं तो म्हणाला, पण त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसत होती. त्याने चपला काढल्या, माझ्या शेजारी खांदा टेकवला आणि म्हणाला, "जा तू. चहा घेऊन ये."

मी त्याला भोकाबद्दल सांगितलं. त्याला माहीत होतं. भोकाच्या अलीकडच्या तोंडात त्याने कधीच चिंधीचा बोळा कोंबून ठेवला होता, तो भिंत हलल्यावर गळून पडला होता. पोरीला दिसू नये म्हणून, एवढंच तो म्हणाला.

७

मी हातपाय हलवले नाहीत असं कुणी म्हणू नये. खात्यातल्या साहेबांना मी ओढून गाळ्यात आणलं. धाकटा बाकावर बसून काम करत होता, कोपर दगडावर. साहेबांनी फुटकी काच बघितली आणि म्हणाले की प्लास्टर सुकताना आकसतं, फुटते काच. नवी लावा, बघू. मी नवी लावली. आठवडाभराने ते आले तेव्हा ती अख्खी होती, कारण तो आठवडा धाकट्याने आणि मी मिळून भिंत धरली होती. काच अख्खी म्हणजे कमान शाबूत. कमान शाबूत म्हणजे गाळे रिकामे करायची नोटीस नाही. काच फुटली तर नोटीस निघेल. पण काच फुटेपर्यंत भिंत सोडायची तर शेजारी म्हातारी आहे, तिच्यापलीकडे शिंप्याचं दुकान आहे, आणि या रांगेत एक कमान गेली की बाकीच्या पत्त्यांसारख्या जातात, हे साहेबांनीच मला शिकवलेलं.

वरती वजन टाका, वाळूची पोती टाका, असं मी लिहून दिलं. जुन्या कमानीवर आणखी बोजा? अख्खं ऑफिस हसलं. सुताराकडे गेले, आईला घेऊन निघा म्हटलं. तो भला माणूस, मला बसायला स्टूल दिलं. पण म्हणाला, तुमच्याच खात्याची पट्टी धड आहे ना ताई, मग कशाला साप साप म्हणून भुई धोपटता? त्याची आई त्या दिवशी बरी होती. मला म्हणाली, हल्ली तुझ्या भावाचा आवाज येत नाही गं. पूर्वी शीळ घालायचा.

घरी भिंगरीला मी एकच गोष्ट सांगितली, की तिकडे फिरकायचं नाही. तिने मान डोलावली. पण तिचं डोलावणं मला माहीत आहे, म्हणून मी भावजयीला तिच्या माहेरी पाठवलं, पोरीला घेऊन. बसला एक रात्र लागते एवढं लांब. बस सुटताना भिंगरी खिडकीतून वाकून बघत होती. मी हात हलवला आणि मनात म्हटलं, गेली. वाचली. बाकी आमचं काय व्हायचं ते होवो.

८

पावसाळा, हिवाळा, आम्ही दोघं पाळीपाळीने. मी ऑफिस सोडलं, म्हणजे त्यांनी सोडवलं. धाकट्याने दुरुस्तीला मशीन घ्यायचं बंद केलं. सुरुवातीला एक खांदा पुरायचा. मग दोघांचे लागायला लागले. भिंतीपलीकडेही पाळ्या असाव्यात, कारण दुपारी एकदा रेटा क्षणभर ढिला पडायचा, माणसं जागा बदलतात तसा, आणि मग नव्या दमाने यायचा. दर महिन्याला तो थोडा वाढलेला असायचा. तिकडे भर पडत होती. आमच्याकडे आम्ही दोघंच.

खात्याचा नवीन माणूस तपासणीला येतो. पट्टी बघतो, आमच्याकडे जरा चमत्कारिक नजरेने बघतो, शाबूत म्हणून जातो. मी त्याला सांगायचं सोडून दिलं आहे. त्याला माझ्याच पुस्तकातलं शिकवलंय.

आज दुपारी धाकट्याचा गुडघा वाकला. तो पडला नाही, पण त्याचा खांदा निसटला आणि सगळं माझ्यावर आलं. डोक्यावरच्या घुमटात माथ्यावरचा कळीचा दगड कुरकुरला. शेजारच्या गाळ्यात म्हातारीने खोकायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली, आवाज ऐकल्यासारखी. मी दात आवळून उभी राहिले. मला पुढच्या श्वासाची खात्री नव्हती.

शटरमध्ये उजेड हलला. भिंगरी आत आली. उंच झाली होती, पाठीवर दप्तर, रात्रभरच्या प्रवासाने केस विस्कटलेले. मागे भावजय, मान खाली घालून. मला ओरडायचं होतं, पोरीला हाकलून द्यायचं होतं. ओरडायला छाती मोकळी लागते, माझी दगडाला चिकटलेली होती. मी नुसती मान हलवत राहिले. नाही. नाही.

तिने दप्तर उतरवलं आणि नीट खुंटीला अडकवलं. बापाच्या गुडघ्यावर हात फिरवला. मग माझ्यापाशी येऊन माझ्या दंडाला हलकासा धक्का दिला, पूर्वी झोपताना पांघरूण मागायला द्यायची तसा.

"आत्या, सरक ना जरा."

मी सरकले. तिने खांदा लावला आणि भार अर्धा झाला. आणि देवाशपथ सांगते, मला आधी बरं वाटलं.